हीर लावलेलं पान

मुलांच्या पुस्तकमेळ्याबद्दल लिहायचं तर ते वाचनालयाच्या नानांनी सांगावं, कुणीतरी उतरून घ्यावं, असं मी दिवाळी अंकवाल्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, नाना भाषणच सांगतील. मांडव कोण घालतं, पाणी कोण भरतं, पाहुणे बोटीतून कसे उतरतात, ते तुम्ही लिहा. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर लावत लावत लिहितो, त्यामुळे वाचणाऱ्यानंही जरा दमानं घ्यावं.

मी मूळचा श्रीवर्धनचा नव्हे. माझं गाव परभणीकडे. तिकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळेला मदरसा म्हणत आणि पाटीवर उर्दू असे. घरात मराठी बोलायचं, शाळेत अलिफ-बे गिरवायचं, याचं कुणाला नवल नव्हतं. मी चौथीत असताना दिवस बिघडले. रझाकारांच्या भीतीनं माणसं सरहद्द ओलांडायला लागली. वडिलांनी मला मामाच्या हाती दिलं आणि मामानं मुंबईला एका खाणावळीत ताटं घासायला ठेवलं. शाळा सुटली ती तिथं. मराठी अक्षरं मला आली ती खाणावळीच्या फळ्यावरून. भात, आमटी, भाजी, पापड. जोडाक्षर नसलेले पदार्थ मी झकास वाचायचो.

त्या खाणावळीत नाना जेवायला येत. श्रीवर्धनचे निवृत्त हेडमास्तर. गावचं वाचनालय तेच चालवायचे आणि पुस्तकं घ्यायला वर्षातून एकदा मुंबईला यायचे. एका खेपेला पुस्तकांची पेटी जड झाली. मालकाला म्हणाले, "ह्या मुलाला आगबोटीपर्यंत देता का?" मी धक्क्यावर पेटी नेऊन ठेवली, तर मला म्हणाले, "चढ वर. तिकडे उतरवायला कोण आहे माझं? उद्याच्या बोटीनं परत पाठवतो." ती उद्याची बोट अजून यायची आहे. नानांनी वाचनालयामागची खोली दिली, काकूंनी दोन वेळचं ताट दिलं. घरचं कुणी जवळ नसलेल्या मुलाला याहून जास्त काय लागतं? पण त्यामुळेच मला सतत धाकधूक असे. मिळालेलं फार होतं, आणि ते आपल्याला चुकून मिळालंय असं वाटे.

कारण असं की मी वाचनालयाचा नोकर, आणि मला वाचता येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. साधा शब्द आला की चालायचो. जोडाक्षर आलं की ओहोटीला चिखलात बसलेल्या होडीसारखा जागच्या जागी. पुस्तकं मी पाठीच्या रंगावरून आणि चिकटवलेल्या नंबरावरून ओळखायचो. नानांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "शिक्षण?" मी म्हटलं, "चौथी." कुठल्या अक्षरांत, ते त्यांनी विचारलं नाही. मला वाचताना ओठ हलवायची खोड आहे, म्हणून कुणी समोर असलं की मी पुस्तक उघडतच नसे.

उर्दू मला येत होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. माझ्या तोंडी "काहून", "लई" असलं यायचं, त्यावरून बाजारातल्या पोरांनी मला 'निजामसरकार' नाव पाडलं होतं. सकाळी दार उघडताना हाक यायची, "काय निजामसरकार, दरबार उशिरा उघडला आज?" मी हसायचो. ज्या नावाला भिऊन गाव सोडलं, तेच नाव माझ्याबरोबर बोटीत बसून आलं होतं. वर आणखी अलिफ-बे कशाला काढायचं, म्हणून मी त्या पोत्याचं तोंड घट्ट बांधून ठेवलं.

आता मेळ्याचं सांगतो. नाताळच्या सुट्टीत वाचनालयामागच्या पोफळीच्या वाडीत आमचा मेळा भरतो. चालवणारी माणसं तीन: नाना, मुलींच्या शाळेतल्या इंदूताई आणि मी. पोफळीचे खांब, वर नारळाची झापं, खाली चटया. लहान पोरं पुढं, मोठी मागं बसवायची. उलटं केलं तर लहान पोरं रडतात आणि मोठी पुढं बसून पाहुण्यांच्या चपला लपवतात. पाण्याचे माठ मांडवाच्या बाहेर, नाहीतर सगळ्यांना एकदम तहान लागते. आणि भाषण थोडक्यात. एका वर्षी एका सुपारीवाल्या शेठजींनी ब्रह्मचर्यावर भाषण लांबवलं, तेवढ्या वेळात पोरांनी चटईखालची वाळू उकरून विहीर खणली. शेठजी खाली उतरताना तिच्यात पाय गेला. त्यांनी पुढच्या वर्षीही बोलवा म्हणून सांगितलं, त्यामुळे विहिरीचा त्यांना राग आला नसावा.

पाहुणे उतरवणं हे माझं काम. आगबोट बाहेर उभी राहते, तिथून होडीनं यायचं आणि पाणी उथळ झालं की कोळ्याच्या खांद्यावर बसून काठाला. मुंबईचे एक कवी आले होते, मुलांसाठी लिहायचे, अंगानं भरलेले. खांद्यावर बसायला लाजले. म्हणाले, "मी चालत येईन."

त्यांना न्यायला आलेला बाळ्या नाखवा म्हणाला, "चाला की. कमरेइतकाच हाय."

कवींनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि निमूट खांद्यावर बसले. निम्म्या वाटेत बाळ्या थांबला. "मास्तर, तुमी पोरांसाठी लिवता ना?"

"हो."

"मग जरा हलका लिवा."

मेळ्यात गोष्टी असतात, नकला असतात, पण मुलं वाट बघतात ती हिरीची. नारळाच्या झावळीची हीर असते ना, केरसुणीची काडी, तिचा आम्ही खेळ केलाय. मुलानं पुढं यायचं, आवडीचं पुस्तक मिटून हातात धरायचं, डोळे झाकून पानांमध्ये हीर खुपसायची. जिथं हीर शिरेल ते पान उघडून मोठ्यानं वाचायचं. मग परीक्षक एक प्रश्न विचारणार. हिरी सोलून, घासून, मुलांच्या हातात देणं हे माझं काम. वाचनाशी माझा संबंध एवढाच होता आणि तो मला पुरत होता.

पहिल्याच वर्षी एका बनियनवाल्या पोरानं हीर घातली आणि सगळं पान धडाधड म्हणून दाखवलं. टाळ्या झाल्या. मग इंदूताईंच्या लक्षात आलं की पुस्तक त्याच्या हातात उलटं आहे. त्यानं घरी बसून एक पान पाठ केलं होतं आणि हीर कुठंही शिरली तरी तो तेच पान म्हणणार होता. नाना हसले, पण हेडमास्तर ते हेडमास्तर. त्यांनी नियम केला: वाचणाऱ्याच्या मागं परीक्षकानं उभं राहायचं आणि त्याच पानावर नजर ठेवायची. मुलाच्या स्वतःच्या शाळेचा मास्तर चालणार नाही. नियम चांगला होता. पुढं काय होणार ते तेव्हा आम्हाला कुणालाच दिसलं नाही.

नाना दर वर्षी तालुक्यातल्या आणि शेजारच्या म्हसळ्याच्या सगळ्या शाळांना आमंत्रण धाडत. सगळ्या म्हणजे सगळ्या. एका वर्षी म्हसळ्याकडच्या एका गावातून उर्दू शाळेची मुलं एसटीनं आली. पांढरे स्वच्छ कपडे, डोक्याला तेल, बरोबर त्यांचे तरुण करीम मास्तर. आम्ही त्यांना चटईवर जागा दिली, पाणी दिलं. मला आत कुठंतरी खडा टोचल्यासारखं झालं, पण मी हिरी वाटत राहिलो. मुलं सगळं ऐकत होती, हसायच्या जागी हसत होती. बोली तर आपलीच की त्यांची.

हिरीचा खेळ सुरू झाला. पाच-सहा मुलं झाली आणि त्यांच्यातली एक मुलगी उठली. दहा-अकरा वर्षांची असेल. नाव रुकय्या. वडील बोटीवर खलाशी, सोबत आजोबा आले होते, ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. तिनं ओढणीत गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढं हात केला. मी हीर दिली. तिनं डोळे मिटले, हीर खुपसली, पान उघडलं.

पान उर्दूत होतं. नानांनी चष्मा पुढं केला, पान पाहिलं, चष्मा मागं घेतला.

इंदूताई हळूच म्हणाल्या, "मागं कोण उभं राहणार?"

करीम मास्तर उठले. "मी राहिलो असतो."

"स्वतःच्या शाळेचं चालत नाही हो," नाना म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "नियम सगळ्यांना एकच हवा."

"मग राहू द्या, साहेब," करीम मास्तर म्हणाले. "मुलांनी मेळा पाहिला, पुष्कळ झालं."

इंदूताईंना ते सहन झालं नाही. वाकून मुलीला म्हणाल्या, "बाळ, तुला एखादी कविता पाठ असेल ती म्हण. बक्षीस देऊ आपण."

रुकय्या म्हणाली, "मना पाठ न्हाय म्हणायचा. वाचायला आलेय मी."

मी तिच्या शेजारी, हातात हिरींची जुडी. उघडं पान माझ्यापासून हातभर. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण अक्षरांवर कधी बंदी घालता येते का? उंटाची गोष्ट होती. एक उंट रस्त्यात उभा राहिला आणि बसायला तयार होईना. इतक्या वर्षांत तेवढं सरळ, न अडखळता मी काही वाचलं नव्हतं. पुढच्या ओळीवर गेलो. तिच्या पुढच्या.

"ह्यांना येतं," रुकय्या म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ह्यांचे ओठ हलले. बरोबर पानाबरोबर हलले."

नाना म्हणाले, "रंगनाथ?"

"नाही," मी म्हटलं. "मला कुठलं?"

हे मी मांडवभर माणसांच्या देखत म्हटलं, आणि ते खोटं आहे हे सगळ्यांच्या आधी त्या मुलीला कळलं. ती रागावली नाही. तिनं फक्त पुस्तक मिटायला घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, निजामसरकार ना तू!" आणि हशा झाला. खांबाजवळचे आजोबाही हसले, दुसरं काय करावं ते न सुचून माणूस हसतो तसे. पुस्तक अर्धं मिटलं होतं. हीर मात्र अजून आत होती.

"चौथीपर्यंत येतं," मी म्हटलं. कुणाकडे बघून म्हटलं ते आठवत नाही.

नानांनी बोटानंच जागा दाखवली. मी मुलीच्या मागं जाऊन उभा राहिलो. मांडवातली सगळी पोरं माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं. तिनं वाचलं. स्वच्छ, ठासून, श्वासाच्या जागी श्वास घेऊन. परीक्षकानं चुका टिपायच्या असतात. मी एकही टिपली नाही. चूक झाली नसेल, किंवा झालीही असेल. मला आमच्या गावचे छडीवाले मौलवी ऐकू येत होते, आणि शाळेच्या ओट्यावर बसून माझी वाट बघणारे वडील दिसत होते.

प्रश्न विचारायची पाळी आली. मी विचारलं, "उंट बसला का शेवटी?"

"बसला. पण ओझं उतरल्यावर."

"तू उंट पाहिलास?"

"न्हाय. म्हसळ्यात येत न्हाय तो."

मांडव हसला. या वेळचं हसणं मला लागलं नाही. नानांनी विचारलं, "बरोबर वाचलं?" मी मान हलवली. पहिलं बक्षीस तिला गेलं.

बक्षीस म्हणजे चित्रांचं एक जाड मराठी पुस्तक. आमच्याकडे दुसरं काही नव्हतंच. रुकय्यानं ते घेतलं, सलाम केला, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे उजवीकडून उघडलं. उघडलं ते शेवटचं पान. तिनं ते नीट पाहिलं, मग आणखी एक मागचं पान पाहिलं, आणि ओढणीत गुंडाळून ठेवलं. करीम मास्तर आमचे आभार मानून, मुलांना रांगेत घेऊन एसटीकडे गेले. नाना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. परत आले ते माझ्याकडे न बघता थेट घरी गेले. मला वाटलं, झालं, आता उद्याची बोट आली.

बोट आली नाही. नाना मुंबईला गेले आणि उर्दूची पुस्तकं घेऊन आले. एक कपाट रिकामं करून त्याची चावी माझ्या हातात दिली. आणि पुढच्या मेळ्याला मला परीक्षक केलं. उर्दूला नव्हे, सगळ्यालाच. त्यांच्या मनात सरळ हिशेब होता: जो माणूस उर्दू वाचतो आणि एवढी वर्षं मराठी पुस्तकांत वावरतो, त्याला दोन्ही येणारच.

"नाना, मी पाणी भरतो ना," मी म्हटलं.

"पाणी भरायला कुणीही मिळेल."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, रंगनाथ परीक्षक झाला."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला पुढं बोलवेना. ज्यानं खोली दिली, ताट दिलं, त्याला कसं सांगायचं, की नाना, तुमच्या मराठी कपाटांतलं एक पान मला सरळ वाचता येत नाही? त्या वर्षी मी मांडव घातला तो देवाला हात जोडत जोडत. माझ्या वाट्याला उर्दू शाळेचीच मुलं येवोत, एवढंच मागत होतो.

आली. रुकय्याही आली. वर्षभरात उंच झाली होती. ओढणीतून तिनं पुस्तक काढलं ते आम्हीच दिलेलं, चित्रांचं, मराठी. डावीकडून उघडून दाखवलं मला. "शिकले मी," म्हणाली. "आता ह्यातला वाचणार."

नानांना केवढा आनंद झाला. त्यांनी मांडवाला सांगितलं, "हिच्या मागं आपले रंगनाथच उभे राहतील."

तिनं हीर खुपसली. पान उघडलं. मी मागं उभा. ती वाचायला लागली, एकेक अक्षर जोडत, पाण्यात पाय चाचपत चालावं तशी. दोन ओळी निघाल्या. तिसऱ्या ओळीत एक शब्द आला, तीन अक्षरं एकमेकांच्या मानेवर बसलेली. ती थांबली. मीही थांबलो.

तिनं एकदा प्रयत्न केला, सोडला. मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. गेल्या वर्षी जिथं तिला आधार सापडला होता, तिथं ती परत शोधत होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"तुमचे पण थांबले," ती हळूच म्हणाली.

पुढच्या चटईवरच्या पोरांना ते ऐकू गेलं. इंदूताई मान वाकडी करून बघायला लागल्या. नाना हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते, त्यांचा परीक्षक सांगेलच म्हणून. मला वाटलं, पोफळीचा एखादा खांब डोक्यात पडेल तर बरं. पण मांडव मीच घातला होता, खांब पक्के होते.

"मलाही येत नाही हा," मी म्हटलं. "थांब. जोडून बघू."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी बोट ठेवलं, तिनं बोट ठेवलं. पहिलं अक्षर तिनं म्हटलं, दुसरं मी, तिसऱ्याला दोघंही चुकलो. मागून 'निजामसरकार अडले' असं कुणीतरी पुटपुटलं आणि नानांनी त्या बाजूला असं पाहिलं की तो आवाज पुन्हा आला नाही. पण त्यांनी शब्दही सांगितला नाही. ते जवळ येऊन उभे राहिले, चष्मा काढून हातात धरला आणि थांबले. चौथ्या खेपेला शब्द निघाला. रुकय्या मोठ्यानं हसली आणि पुढं वाचत सुटली. मला पुढचं ऐकू आलं नाही. माझे कान तापले होते.

बक्षीस त्या वर्षी सोनाराच्या मुलाला गेलं. रुकय्याला वाईट वाटलं नाही. जाताना म्हणाली, "तुमी पण शिका. मग तुमचे ओठ बघून वाचीन मी."

चटया गुंडाळताना नाना आले. माझ्या हातातलं टोक धरून तेही गुंडाळायला लागले. म्हणाले, "कधीपासून?"

"आल्यापासून."

त्यांनी चटईतली वाळू झटकली. मग म्हणाले, "जन्मभर हेडमास्तर होतो मी. तुला पुस्तकांत आणून ठेवलं आणि वाचून दाखव असं एकदा म्हटलं नाही." मला वाटलं ते रागावलेत. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. एकाच चटईची दोन टोकं धरून आम्ही दोघं खाली बघत उभे होतो.

"उद्यापासून," ते म्हणाले, "केर नंतर. आधी एक पान."

ते पान अजून चालू आहे. रुकय्या मोठी झाली, मेळ्याला येत नाही, धाकट्या भावाला पाठवते. मी परीक्षक आहे, लोक 'रंगनाथ मास्तर' म्हणतात, आणि प्रत्येक वेळी मला मागं वळून बघावंसं वाटतं, खरा मास्तर कोण आलाय म्हणून. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. सकाळी ते खुर्चीवर बसतात आणि हातानं चाचपून पुस्तकात हीर घालतात. उघडेल ते पान मी वाचतो. आता सहसा अडत नाही. पण एखाद्या दिवशी शब्द येतो आणि मी थांबतो. नानाही थांबतात. शब्द सांगत नाहीत, हातातली काठीसुद्धा हलवत नाहीत. त्यांना आता काही दिसत नाही हे मला माहीत आहे. तरी तेवढ्या वेळात मी हलणाऱ्या ओठांवर हात धरतो.